गेस्ट ऐकत नसेल तर मारून टाक

मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून मी टीममधल्या एका मुलाशी फोनवर बोलत होतो. "गेस्ट ऐकत नाहीये ना? मग किती वाट बघणार? सरळ मारून टाक. टेम्प्लेटवरून दुसरा उभा करू, दहा मिनिटांचं काम." फोन ठेवून वर बघितलं तर बायको डोळे वटारून उभी. आतल्या खोलीत तिची मावशी मुक्कामाला. मावशी गोळ्या वेळेवर घेत नाहीत, ऐकतच नाहीत, हा विषय घरात सकाळपासून चाललेला. "अरे, हळू तरी बोल," एवढंच म्हणून ती आत गेली. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गोळ्या न सांगता घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

तर मंडळी, मी सर्व्हरवाला माणूस. खालच्या खऱ्या मशीनला आमच्याकडे होस्ट म्हणतात आणि तिच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभी केलेली जी चार-दहा मशीनं चालतात ती गेस्ट, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, आमच्या भाषेत व्हीएम. गेली वीस वर्षं या यजमान-पाहुण्यांच्या उठाठेवीवर घर चाललंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. रविवार आहे, वेळ असेल तर वाचा.

फोनवरचं ते बोलणं पुन्हा बघा. त्यात गेस्ट इंग्रजी, टेम्प्लेट इंग्रजी, पण ऐकणं, मारणं, उभं करणं आपलं. आमच्या धंद्याची बोली अशीच आहे. आमचा सर्व्हर डाउन होत नाही, तो पडतो. हळू चालायला लागला की रडतो, अजिबात उत्तर देईना की झोपतो. पॅच मारतात, रिबूट मारतात, सर्व्हिस उठवतात, जुनी व्हीएम उडवतात, लोड दुसऱ्या होस्टवर ढकलतात आणि बॅकअप लावून घरी जातात. कुठल्या शाळेत हे शिकवलं नाही. सर्व्हर तो, व्हीएम ती, ॲप ते, हेही कुठल्या समितीनं ठरवलेलं नाही. रीलचं अजून नक्की होत नाहीये. माझी मुलगी 'ते रील' म्हणते, भाचा 'ती रील'. पाच वर्षांत तेही ठरेल, आणि ठरल्याचं कुणाला कळणारही नाही.

म्हणून 'आयटीवाल्यांनी मराठीची वाट लावली' असं कुणी म्हणालं की मी वाद घालायला बसतो. वाट लागत असेल तर ती दुसरीकडून लागतेय. त्याच्याकडे येतो.

२००६ साली मी पुण्यात कामाला लागलो तेव्हा आमच्या एका क्लायंटच्या सर्व्हर रूममध्ये २२ मशीनं होती. हजेरीचं एक, मेलचं एक, छपाईचं एक. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा. बहुतेकांचा सीपीयू दिवसभरात १० टक्क्यांच्या वर चढत नसे, पण वीज खायला सगळे पुढे. दोन वर्षांत आम्ही त्या २२ जणांचं ३ होस्टवर बस्तान बसवलं. युक्ती तशी जुनीच. आयबीएमनं मेनफ्रेम या मोठाल्या मशीनसाठी व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर १९७२ मध्येच आणलं होतं. घोडं अडलं होतं ते इंटेलच्या रोजच्या वापरातल्या एक्स८६ प्रोसेसरपाशी. त्याच्या काही सूचना अशा होत्या की गेस्टनं त्या परस्पर चालवल्या तरी होस्टला पत्ता लागत नसे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं त्या सूचना चालता चालता हेरून बदलायची शक्कल लढवली आणि २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनी प्रोसेसरमध्येच सोय करून दिली, मग हे काम कुणालाही जमायला लागलं.

हे सगळं आमच्या आण्णांना समजावायचं म्हणजे परीक्षा. गाव तासगाव तालुक्यातलं, घर द्राक्षबागायतदाराचं. मी सामाईक विहिरीचा दाखला दिला. सातबाऱ्यावर विहिरीत चौघांचा चार-चार आणे हिस्सा आहे. विहीर एकच, पण ज्याची पाळी त्याची त्या दिवशी ती पुरी विहीर. मोटर त्याची, पाट त्याचा, बाकीचे तिघं आहेत हे त्या दिवशी विसरलं तरी चालतं. प्रोसेसरचंही तेच, फक्त पाळी वारावर नसते, सेकंदाच्या बारीक तुकड्यावर असते. आणि पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना सोळाच्या जागी वीस आणे वाटले तरी कुणाला कळत नाही. ते कळतं एप्रिलात. आमच्याकडे याला ओव्हरकमिट म्हणतात, आणि क्लायंटचा एप्रिल कुठल्या महिन्यात येईल ते सांगता येत नाही.

आण्णांना हे लगेच पटलं. भाऊबंदकीत आयुष्य गेलेल्या माणसाला पाळ्या वाटणारा शेड्युलर शिकवावा लागत नाही. पण आठवड्याभरानं पेपरात कुठंतरी 'आभासी सर्व्हर' वाचून त्यांचा फोन आला. "आरं, हितं तर आभासी लिवलंय. आभास म्हंजे नसलेलं दिसणं. मग नसलेल्या मशीनचं पैसं तुला देतंय कोण?"

मी गप्प. 'व्हर्च्युअल'ला तो शब्द काही चुकीचा नव्हता. विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळे 'आभासी प्रतिमा' शिकलोय. सपाट आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही म्हणून ती आभासी. तिथं तो शब्द अगदी चपखल आहे. आमची व्हीएम मात्र व्याज आकारते, पगारपत्रक काढते, तिचं काम पडद्यावर दिसतं आणि कागदावरही उतरतं. विहिरीतला चार आणे हिस्सा कुणी आभासी म्हणत नाही, तो कोर्टात टिकतो. इंग्रजी शब्दाला शब्दकोशातला मराठी शब्द दिला की झालं असं आपल्याला वाटतं, आणि मग असलेलं मशीन नसलेलं होऊन जातं. संगणक रुळला, उत्तम. भ्रमणध्वनी मात्र व्हिजिटिंग कार्डावर आणि लग्नपत्रिकेतच राहिला. 'अगं, भ्रमणध्वनी वाजतोय बघ' असं म्हणणारं घर मी पाहिलेलं नाही. संकेतस्थळाचं तर काय बोलावं. जुन्या काव्यात प्रेमिकांनी चोरून भेटायची ती जागा, आता तिथं लोक वीजबिल भरतात.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली ती.

२०११ साल. पश्चिम महाराष्ट्रातली एक सहकारी संस्था, नाव नको. त्यांच्या हिशेबाचा सर्व्हर आम्ही व्हीएमवर नेला होता. ऑक्टोबरात सॉफ्टवेअर अपग्रेड होतं, म्हणून आधी स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे काय, असं तिथल्या लोकांनी विचारलं. मी म्हटलं, "मशीनचा फोटो काढून ठेवलाय. काही बिघडलं तर फोटोतल्यासारखं परत करता येतं." सगळे खूष. मीही खूष, केवढं सोपं करून सांगितलं म्हणून. अपग्रेड नीट पार पडलं. मी पुण्याला येताना सांगून आलो की आठवड्याभरात तो स्नॅपशॉट काढून टाका.

त्यांनी काढला नाही. काढायला गेले तेव्हा पडद्यावर बटण होतं 'डिलीट'. एक तर फोटो, त्यात हिशेबाच्या मशीनचा, आणि तो डिलीट करायचा? सहकारी संस्थेत कागदाचा कपटाही कुणी आपल्या हातानं फाडत नाही. राहू दे म्हणाले, फोटो काय खायला मागतोय?

फोटो खायला मागतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठवली जाते आणि त्यानंतरची प्रत्येक नोंद शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. ती फाइल रोज फुगते. पाच महिने ती फुगत राहिली आणि ३१ मार्चला दुपारी चारच्या सुमाराला, वर्षअखेरीच्या नोंदी धो-धो पडत असताना, होस्टवरची जागा संपली. मशीन आहे त्या जागी थिजलं. पडद्यावर एक प्रश्न आणि दोन बटणं: रिट्राय आणि कॅन्सल. बाहेर काउंटरला ही गर्दी.

मी संध्याकाळी पोचलो. चाचणीसाठी ठेवलेली एक व्हीएम उडवून थोडी जागा केली, मशीन हललं. मग स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळायला लावला आणि टक्के मोजत बसलो. त्या रात्री ९ टक्क्यांवरून १० व्हायला किती वेळ लागतो ते मी अनुभवलंय. बरोबर जागायला होते तिथले हिशेबनीस काका, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. पहाटे दोनला चहा ओतता ओतता त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हा फोटो आहे म्हणालात, मग तो जिवंत असल्यासारखा वाढतो कसा?"

मग मी नीट सांगितलं. मूळ डिस्क, शेजारची फाइल, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे खतावणीला हात लावायचा नाही, नोंदी कच्च्या वहीत चालू ठेवायच्या. पटल्या तर खतावणीत चढवायच्या, नाही पटल्या तर कच्ची वही फाडायची. असंच ना?"

असंच. पुस्तकात चार पानं लागतात याला. 'डिलीट' म्हणजे खतावणीत चढवणं, 'रिव्हर्ट' म्हणजे कच्ची वही फाडणं. आणि पुढं ते जे म्हणाले ते माझ्या जिव्हारी लागलं. "हे आधी असं सांगितलं असतं तर आम्ही पाच महिने कच्च्या वहीत व्यवहार ठेवले असते का? ऑडिटर बसू देईल का आम्हाला? आणि खतावणी जळाली तर कच्च्या वहीचा उपयोग काय, तेव्हा याला बॅकअपही म्हणता येत नाही." स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना आजही घसा फोडून सांगावं लागतं. ते काकांनी एका वाक्यात काढलं.

चूक माझी होती. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ मी बरोबर सांगितला होता, फोटो. वस्तूचा सांगितला नव्हता.

पहाटे पाचला मिसळणं पूर्ण झालं. मी पुण्याला येऊन काकांचं वाक्य सूचनापत्रकात टाइप केलं आणि फाइल तिकडं मेल केली. त्यांच्याकडं तो फॉन्ट नव्हता, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना हे सांगायला नको. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, त्याचा कळफलक वेगळा, एकाचं दुसऱ्याकडं उघडायचं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या एका सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० पासून मशीनमध्येही होती, पण कचेऱ्यांमधून ती वापरतंय कोण? शेवटी मी ते पत्रक हातानं लिहिलं, लॅमिनेट केलं आणि रॅकच्या दारावर चिकटवलं. व्हर्च्युअलायझेशन करणारा इंजिनिअर, मराठी मात्र बॉलपेननं.

हा प्रश्न सोडवला तो फोननं. आम्ही नाही, कुठल्या चळवळीनंही नाही. फोनही सुरुवातीला आपला नव्हताच. एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून ७०. म्हणजे मराठीत प्रेमपत्र लिहिलं की दुप्पट पैसे. आपण सगळे इंग्रजी लिपीत मराठी लिहायला शिकलो ते उगाच नाही, त्यात आळसापेक्षा बिल जास्त होतं. माझ्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर तर मराठी मेसेज आला की नुसते चौकोनी डबे दिसायचे. 'ॲप' लिहायला लागणारा ॲ हा युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. ॲपलचं ॲप स्टोअरही त्याच वर्षीचं. योगायोग आहे, पण मला आवडतो.

आणि हे दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या यादीत एका गृहस्थांचं नाव नुसतं 'ज्ञाने' आणि पुढं प्रश्नचिन्ह असं यायला लागलं. नाव ज्ञानेश्वर. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइट खातो. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा तुकडे, ३० बाइट. रकाना २० बाइटचा. सहा तुकडे आत बसले, सातव्याचे दोन बाइट आत आणि एक बाहेर. जॉन आणि डेव्हिडच्या मापानं शिवलेला सदरा, दुसरं काय.

पण आमच्या आईकडं बघा. चौथीनंतर तिनं कधी पानभर लिहिलं नव्हतं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१७ मध्ये गूगलच्या कीबोर्डला मराठी बोलणं समजायला लागलं, आणि आता तिचे मेसेज माझ्यापेक्षा लांब असतात. भांडण एकच. ती 'काय करायलाईस' म्हणते आणि फोन लिहितो 'काय करायला आहेस'. "ह्याला आपलं बोलणं येत न्हाई," म्हणते. मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते. शाळेतल्या मास्तरांनी 'करायलाईस' खोडलं होतं, पण मास्तर पाचला घरी जायचे. हा मास्तर चोवीस तास खिशात असतो. चुलत्यांचा पोरगा त्यातून सुटलाय, कारण तो लिहीतच नाही, बागायतदारांच्या ग्रुपवर थेट आवाज पाठवतो. "जीएची दुसरी डिप मारली. घड सुटल्यात झ्याक. पण ढग दाटलंत, डाऊनीचा स्प्रे रातीतच घ्यावा लागंल." जीए हे घड वाढवायचं संजीवक, डाऊनी हा द्राक्षावरचा रोग. जीए, डिप, डाऊनी, स्प्रे. या मराठीला कुणी अशुद्ध म्हणावं, मी त्याला बागेत न्यायला तयार आहे.

मघाशी म्हटलं वाट दुसरीकडून लागतेय, ते हे. मुलगी मला म्हणते, "बाबा, मी तुझी मदत करू?" अगं, 'तुला' मदत! मराठीत मदत माणसाला होते, माणसाची नाही. हे हिंदी रील्स बघून आलंय. 'डाउनलोड' आलं तर माझी हरकत नाही, पण 'ला' गेला तर घरातली वीट हलल्यासारखं वाटतं. फोनची भाषा मराठी करून बघितली तर एका ॲपात 'शेअर'चं 'सामायिक करा' असं झालेलं. आमच्याकडं सामाईक म्हटलं की विहीर आणि कोर्टाची तारीख आठवते. मावशीला नातवाचा फोटो सामायिक करायचा नसतो हो, पाठवायचा असतो! 'पाठव' हे साधं क्रियापद घरात पडलंय आणि आपण बाहेर शोधतोय.

हे मी एका मित्राला तावातावानं ऐकवत होतो, शब्द पाहुणे आले तरी चालतील, पण मराठीचं व्याकरण हा यजमान शाबूत पाहिजे वगैरे. तो भाषेचा प्राध्यापक. म्हणाला, "तुझ्या त्या काकांच्या हिशेबातले शब्द बघ. रोजकीर्द फारसी. जमा, खर्च, बाकी, वसूल, तारीख, सगळे तिकडूनच आलेले. आणि नुसती नामं नाहीत. 'बद्दल' आणि 'बाबत' तिकडचे, 'गैर' तिकडचा, तू आत्ता 'मी म्हणालो की' म्हणालास त्यातला 'की'सुद्धा फारसी." मी चाट. म्हणजे ज्याला मी यजमान म्हणतोय त्याच्या माजघरात कैक पिढ्यांपूर्वीचा पाहुणा जानवं घालून बसलाय. शिवाजी महाराजांनी रघुनाथ हणमंत्यांकरवी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, मुजुमदाराचा अमात्य आणि सरनोबताचा सेनापती केला. सेनापती टिकला, सचिव टिकला. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला होता, पण पुढं पुण्यात कोण बसलं आणि लोक त्यांना काय म्हणाले ते आपल्याला माहीतच आहे. मुजुमदार आडनावात जाऊन राहिले.

होस्टवर गेस्ट चालवणारं जे सॉफ्टवेअर, त्या आमच्या हायपरव्हायजरचं सगळं काम गेस्टला होस्टच्या घरात शिरू न देण्याचं असतं. भाषेला तसली भिंत नाही. प्राध्यापकाशी मी हरलो. तरी मुलीला 'तुला मदत' असंच सांगतो आणि सांगत राहीन. प्रत्येक पिढीत कुणीतरी दारात उभं राहून कटकट करायला पाहिजे, नाहीतर पाहुण्याला घर कुणाचं ते कळणार कसं?

बरं, ती कच्ची वही. लॅमिनेट केलेल्या पत्रकाचा फोटो मी टीमला दिला होता, त्यातून तो आमच्या कामाच्या नियमावलीत शिरला. 'कच्ची वही ७२ तासांच्या आत खतावणीत चढवणे.' टीम आता अर्धी चेन्नईत बसते. त्या पोरांनी ते दोन शब्द जसेच्या तसे उचलले, तिकिटातही इंग्रजी वाक्यात मधोमध लिहितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली आणि कायमचं लायसन विकणं बंद झालं, तेव्हापासून बरेच क्लायंट प्रॉक्समॉक्स या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडं निघालेत आणि आमच्या रात्री पुन्हा टक्के मोजण्यात जातायत. परवाच्या रात्री चेन्नईचा एक मुलगा कॉलवर होता, जेमतेम वर्षभराचा अनुभव, मराठीचा गंध नाही. म्हणाला, "सर, एक शंका. कच्ची वही ही व्हीएमवेअरची संज्ञा झाली. प्रॉक्समॉक्समध्ये तिला काय म्हणतात?"

मी म्हटलं, तिथंही तेच म्हणतात.